फादर, पाळकसाहेब, अच्चन, पास्टर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ख्रिस्ती माणसाचं चर्च कोणतं हे कळायला तो आपल्या धर्मोपदेशकाला काय म्हणतो एवढं ऐकलं तरी पुरतं. ‘फादर’ म्हणणारा कॅथलिक. ‘पाळकसाहेब’ म्हणणाऱ्याचं गाव बहुधा अहमदनगर, सोलापूर किंवा जालन्याकडचं, आणि त्याच्या आजोबांची मंडळी एखाद्या प्रॉटेस्टंट मिशननं उभी केलेली. ‘अच्चन’ म्हणणारा केरळच्या सुरियानी परंपरेतला. ‘पास्टर’ म्हणणारा बहुतेक वेळा एखाद्या स्वतंत्र फेलोशिपचा. तिची उपासना शाळेच्या हॉलमध्ये, रिकाम्या गाळ्यात किंवा कुणाच्या तरी घरी भरते. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, सावरकरनगर अशा वस्त्यांत हे चारही शब्द ऐकू येतात, आणि आजोबांचा शब्द नातवाच्या तोंडी राहिला नाही हेही इथं नवल नाही. माणूस ख्रिस्तीच राहतो, पण चर्च बदलतो. या घटनेला ‘पंथांतर’ म्हणू. धर्मांतरावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. पंथांतराकडे मात्र आपण फारसं पाहिलेलं नाही. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात त्याचा इतिहास वागळे इस्टेटच्या कारखान्यांहून कित्येक शतकं जुना आहे.

पंथांतराची तीन कारणं सहसा सांगितली जातात. धर्मशास्त्र शिकलेले म्हणतात, माणसाला वेगळा सिद्धांत पटला. विरोधक म्हणतात, काहीतरी लाभ झाला. व्यवहारी माणूस म्हणतो, नवं चर्च घराजवळ होतं किंवा लग्न तिकडे जुळलं. तिन्हींत तथ्य आहे, पण एकाही कारणानं सगळी उदाहरणं उलगडत नाहीत. सिद्धांत तोच असताना चर्च सोडणारे भेटतात. श्रीमंत चर्चमधून गरीब मंडळीत जाणारेही भेटतात, आणि घराजवळचं चर्च टाळून दोन बस बदलून जाणारेही. या पट्ट्याचा इतिहास नीट वाचला की या सगळ्यांच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो, आणि तो अधिकाराचा आहे. देवाच्या नावानं माझ्याशी कोण बोलणार, माझ्या मुलाचा बाप्तिस्मा खरा की खोटा हे कोण ठरवणार, माझ्या भाषेत आणि माझ्या रीतीनं प्रार्थना करायला मला कुणाची परवानगी लागणार? आहे त्या चर्चमध्ये या प्रश्नाचं उत्तर जिवाला पटेनासं झालं की माणूस हलतो.

आरंभ कल्याणपासून करावा लागतो. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस इंडिकोप्लुस्टिस या ग्रीक लेखकानं ‘कॅलियाना’ बंदरात ख्रिस्ती समाज असल्याचं आणि तिथला बिशप इराणमधून नेमला जात असल्याचं लिहून ठेवलं. हे कॅलियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पश्चिम किनाऱ्यावरचा ख्रिस्ती समाज नोंदींत दिसतो तोच मुळी ‘बिशप कुठून नेमला जातो’ या माहितीसह. पुढे 1321 साली चार फ्रान्सिस्कन आणि जॉर्डानुस हा डॉमिनिकन ठाण्यात उतरले, तेव्हा त्यांना आसरा दिला तो पूर्व सुरियानी, म्हणजे त्या काळच्या युरोपच्या भाषेत ‘नेस्टोरियन’, कुटुंबानं. त्या एप्रिलमध्ये काझीसमोरच्या वादानंतर चौघे फ्रान्सिस्कन मारले गेले. जॉर्डानुसनं त्यांना सोपाऱ्यात पुरलं आणि तो या भागात काम करत राहिला. ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान आपण 35 जणांना बाप्तिस्मा दिला, असं त्याच्या पत्रात आहे. इथं विखुरलेले लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्यांना बाप्तिस्माही नाही आणि श्रद्धेचं ज्ञानही नाही, असा शेराही त्यानं आपल्या भारतवर्णनात मारला. म्हणजे इराणच्या बिशपशी नातं सांगणाऱ्या समाजाची परीक्षा आता रोमचा माणूस घेत होता. त्या 35 जणांत आधीपासून स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे कुणी असतील, तर त्यांच्या दृष्टीनं देव बदलला नव्हता. त्यांना ख्रिस्ती ठरवणारा माणूस बदलला होता.

पोर्तुगीज काळात हाच प्रश्न राजकीय झाला. 1534 साली वसई आणि तिच्यासोबत साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि ठाण्याचा कॅथलिक समाज ‘पाद्रोआदो’खाली आला. पाद्रोआदो म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा चर्चवरचा आश्रयाधिकार. बिशप कोण हे ठरवण्यात राजाचा शब्द चाले. शेजारच्या मुंबई बेटावर 1720 साली इंग्रज सरकारनं गोव्याच्या धर्मगुरूंना हटवून रोमच्या ‘प्रोपगांडा’ मंडळाचे कार्मेलाइट आणले. तिथून दोन शतकं मुंबईचे कॅथलिक दोन अधिकारांत विभागले गेले. मिस्सा एकच, लॅटिन एकच, संत तेच; तरी कोणत्या बिशपचं ऐकायचं यावरून धर्मग्राम फुटले, चर्चच्या चाव्यांवरून आणि मिळकतीवरून भांडणं झाली. ही दुहेरी व्यवस्था मिटली ती 1928 साली दमणचा धर्मप्रांत मुंबईत विलीन झाल्यावर. तेव्हाही आर्चबिशप आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असं ठरलं. भारतीय माणूस, वॅलेरियन ग्रेशियस, त्या आसनावर बसायला 1950 उजाडलं. सिद्धांतातला काडीचा फरक नसताना इतका मोठा झगडा झाला, यावरून पंथभेद नेहमी सिद्धांतामुळेच होतात हा समज किती अपुरा आहे ते कळतं.

याच झगड्यातून एक विलक्षण पंथांतर घडलं. गोव्यातल्या वेर्णा गावचे आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस हे कॅथलिक धर्मगुरू आणि पत्रकार. 1886 साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि ब्रिटिश भारतातल्या पाद्रोआदोच्या पुष्कळ मंडळ्या प्रोपगांडाकडे गेल्या. त्या मंडळ्यांना, त्यांच्या गोमंतकीय धर्मगुरूंना कुणी विचारलं नाही, ही आल्वारिस यांची तक्रार होती. 1889 साली त्यांनी मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चकडून बिशपपदाची दीक्षा घेतली आणि ते मार ज्युलियस झाले. रोमनं त्यांना बहिष्कृत केलं. गोव्यात बिशपचा पोशाख घातल्यावरून त्यांना अटक झाली. तरीही ते रोग्यांची आणि निराधारांची सेवा करत राहिले आणि 1923 साली वारले. आल्वारिस ज्या सुरियानी परंपरेकडे वळले, तिच्या पूर्वेकडच्या शाखेचा बिशप कधीकाळी कल्याणमध्ये बसत असे. तेराशेहून अधिक वर्षांनंतर रोमच्या अधिकारानं दुखावलेला एक कोकणी धर्मगुरू आसरा शोधत पुन्हा पूर्वेकडच्याच दारात गेला होता.

मराठी प्रॉटेस्टंटांची गोष्ट वेगळ्या वाटेनं त्याच मुक्कामाला येते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईत पोहोचले. 1831 पासून अहमदनगर त्या मिशनचं मोठं ठाणं झालं. जालना भागात स्कॉटिश फ्री चर्च, कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन, अशी प्रॉटेस्टंट मिशननी क्षेत्रं वाटून घेतली. परिणाम असा, की माणूस काँग्रिगेशनल झाला की प्रेस्बिटेरियन, हे त्याच्या विचारावर नव्हे तर तालुक्यावर ठरलं. अँग्लिकन, मुक्तिफौज आणि कॅथलिक मिशन ही वाटणी पाळत नव्हत्या. 1870च्या दशकात अँग्लिकनांची एसपीजी ही मिशनरी संस्था अहमदनगर जिल्ह्यात आली, शतक संपेपर्यंत राहुरीकडे जर्मन जेझुइट आले, मुक्तिफौजही पसरली. दुष्काळांनी पिचलेल्या त्या जिल्ह्यात महार-मांग समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे प्रथमच एकाहून अधिक चर्चं उभी राहिली आणि ‘आमची माणसं नेली’ ही तक्रार मिशनऱ्यांच्या तोंडी आली. त्या तक्रारीची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. ‘आमची माणसं’ हा शब्दप्रयोगच सांगतो, की ज्या माणसानं निवड केली त्याच्याकडे निवडीचा अधिकार आहे हे मिशनला सहज मान्य नव्हतं.

निवडीचा हा अधिकार सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो त्या काळच्या तीन मोठ्या माणसांत. नीळकंठशास्त्री गोरे 1848 साली जौनपूरला अँग्लिकन चर्चच्या सुवार्तावादी शाखेत ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. नंतर ते त्याच चर्चमधल्या प्राचीन परंपरा आणि संस्कार मानणाऱ्या शाखेकडे सरकत गेले व काउली फादर्सच्या मठपरंपरेशी जोडले गेले. शास्त्रार्थात मुरलेल्या या पंडिताला एकट्यानं ग्रंथ वाचून निर्णय करणं पुरेसं वाटत नव्हतं; अर्थ सांगणारी अखंड गुरुपरंपरा त्यांना हवी होती. पंडिता रमाबाई नेमक्या उलट दिशेनं गेल्या. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा अँग्लिकन बाप्तिस्मा झाला तो गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव घेऊन. पण त्रैक्याचा सिद्धांत, मतसूत्रं आणि बिशपांचे आदेश यांवरून त्यांचा वाँटेजच्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी तीव्र पत्रव्यवहार झाला. आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या. पुढे केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या ताब्यात दिलं नाही. नारायण वामन टिळक 1895 साली अमेरिकन मिशनच्या मंडळीत आले, पाळक झाले आणि 1917 साली त्यांनी मिशनचा राजीनामा देऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. गोऱ्यांना अधिक अधिकार हवा होता, रमाबाईंना अधिक मोकळीक, टिळकांना स्वदेशी रूप. दिशा तीन असल्या तरी तिघांचा प्रश्न एकच होता: माझ्या श्रद्धेवर शेवटचा शब्द कोणाचा?

केडगाव इथं महत्त्वाचं ठरतं ते आणखी एका कारणानं. आजच्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, फेलोशिप अमेरिकेतून आल्या, हे विधान सर्रास केलं जातं. पण लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा सुरू झाल्या 1906 साली, आणि केडगावच्या मुलींमधली जागृती जून 1905 ची. प्रार्थना, अश्रू, पापकबुली आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याचा अनुभव हे सगळं तिथं दुष्काळातून वाचलेल्या, अनाथ किंवा विधवा अशा मराठी मुलींनी अनुभवलं. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली आणि 1909 साली वाल्पराइझोच्या मेथडिस्ट मंडळीत उसळलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीमागे ती होती. म्हणजे ही वाट एकाच दिशेची नव्हती. या अनुभवाचा सामाजिक अर्थ तर त्याहून मोठा आहे. ज्या मुलीला घरात, जातीत किंवा चर्चच्या समितीत शब्द नव्हता, ती देवाच्या नावानं उभी राहून बोलू लागली आणि तिचं बोलणं बाकीच्यांनी ऐकून घेतलं. पुढे वागळे इस्टेटसारख्या वस्त्यांत जे घडलं त्याचं बीज इथं दिसतं.

1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. वागळे इस्टेट हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या क्षेत्रांपैकी एक. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. मिस्सा लोकांच्या भाषेत आणणारी ही परिषद आणि अनेक भाषांचे लोक एका वस्तीत आणणारी ही औद्योगिक वसाहत, दोन्हींचं वय सारखं आहे. कारखान्यांसाठी नगर-सोलापूरकडून, कोकणातून, केरळ-तमिळनाडूतून माणसं आली. गावात चर्च म्हणजे तालुका होता; इथं आल्यावर तालुका मागे राहिला. शिवाय चर्चच्या सीमाही हलत होत्या. अहमदनगरचं काँग्रिगेशनल कुटुंब 1924 साली युनायटेड चर्चमध्ये गणलं गेलं आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चं एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा त्याच्यावर बिशपही आला. त्याच सतरंजीवर बसून त्या कुटुंबानं तीन नावं पाहिली. 1825 साली बिशप हीबर यांनी समर्पित केलेलं ठाण्याचं इंग्रजी सेंट जेम्स चर्चही याच एकीकरणात आलं. हे एकीकरण थोर स्वप्न होतं, आजही आहे. पण ते सगळ्यांनी आपखुशीनं स्वीकारलं नाही. ब्रदरन चर्चच्या विलीनीकरणाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नुसत्या ठरावानं ते कायदेशीर ठरत नाही असा निकाल 2013 साली आला. मंडळीच्या वतीनं कोण बोलू शकतं, हा प्रश्न शेवटी न्यायाधीशांपुढे मांडावा लागला.

कॅथलिकांतही सीमा हलली. केरळचे सिरो-मलबार कॅथलिक मुंबई-ठाण्यात लॅटिन धर्मग्रामांत जात होते. 1987 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी भारतातल्या बिशपांना पत्र लिहून प्रत्येक परंपरेचा आपल्या माणसांची काळजी घेण्याचा हक्क मान्य केला आणि 1988 साली कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. सहाव्या शतकातल्या बिशपाच्या आसनाला जणू नवा वारस मिळाला. चर्चच्या कायद्यानुसार मूल सहसा वडिलांच्या परंपरेचं असतं आणि ती बदलायला रोमची संमती लागते. पण ज्या मुलाचं पहिलं ख्रिस्तशरीर, शाळा आणि मित्र सगळं शेजारच्या लॅटिन धर्मग्रामात होतं, त्याला ‘तू मुळात तिकडचा’ असं सांगितल्यावर काय वाटावं? एकाला आजोबांची सुरियानी प्रार्थना परत मिळाल्याचा आनंद झाला, तर दुसऱ्याला आपल्याच चर्चमधून उठवल्यासारखं वाटलं. दोघांचंही खरं आहे. परंपरा रक्तानं ठरावी की सहवासानं, हा अधिकाराचाच प्रश्न आहे.

आता फेलोशिपकडे वळू. मोठ्या चर्चमध्ये शेकडो कुटुंबं आणि मोजके धर्मगुरू असतात. तिथला मनुष्य ऐकतो, गुडघे टेकतो, परत जातो. घरसभेत वीस माणसं असतात. पाळीवर काम करणारा कामगार साक्ष देतो, घरकाम करणारी बाई नाव घेऊन शेजारणीसाठी प्रार्थना करते, तिनं सांगितलेलं वचन सगळे उघडून पाहतात. उपासप्रार्थनेत आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवायला दीक्षा लागत नाही. 1980 नंतर ठाण्या-मुंबईचे कारखाने बंद पडत गेले आणि हजेरीपटावरचं नाव हीच ज्यांची ओळख होती त्यांची ओळख गेली. अशा काळात ‘आज तू प्रार्थना चालव’ या वाक्याचं वजन ओळखता आलं पाहिजे. कॅथलिक चर्चनं ते काही अंशी ओळखलं. 1972 पासून मुंबईत वाढलेल्या करिष्माई नवजीवन चळवळीनं तेच गाणं, तीच साक्ष, तीच आरोग्यप्रार्थना धर्मग्रामाच्या आत आणली. त्यातून पुष्कळ माणसं चर्च न सोडता तृप्त झाली. सिद्धांत जसाच्या तसा राहूनही गळती थांबू शकते, हे त्यातून दिसलं.

यावर आक्षेप येतील आणि ते गंभीर आहेत. पहिला लालुचीचा. दुष्काळात मिशनकडे धान्य होतं, शाळा होत्या, नोकऱ्या होत्या. त्यांचा परिणाम नाकारण्यात अर्थ नाही. पण आज शाळा, दवाखाना, जमीन आणि प्रतिष्ठा आहे ती जुन्या चर्चांकडे. भाड्याच्या खोलीतली फेलोशिप देण्याऐवजी मागते. मिळकतीचा दशांश मागते. जो स्वतःच्या पगाराचा दहावा भाग देतो त्याला विकत घेतलं म्हणणं हिशेबात बसत नाही. दुसरा आक्षेप सोयीचा: लोक लग्नासाठी, जवळच्या चर्चसाठी बदलतात, त्यात कसला आलाय अधिकार? पण लग्नाच्या नोंदवहीवर सही कोणाची, मिश्र विवाहाला परवानगी कोणाची आणि दफनाला जागा कोणत्या दफनभूमीत, या गोष्टींतच तर सामान्य कुटुंबाला चर्चचा अधिकार हाताला लागतो. जिथं मुलीच्या लग्नाला अडथळा आला तिथून माणूस निघतो, याचा अर्थ त्याला श्रद्धा स्वस्त वाटते असा होत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जुना अधिकार नाकारून निघालेला माणूस अनेकदा एकाच पास्टरच्या निरंकुश अधिकाराखाली सापडतो. तिथं बिशप नाही, समिती नाही, दाद मागायला जागा नाही, आणि मतभेद झाला की मंडळी फुटते. हे खरं आहे. गोऱ्यांनी अखंड परंपरा का मागितली ते अशा वेळी समजतं. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की माणसानं दिलेलं उत्तर चुकू शकतं. त्याचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

म्हणून पंथांतराला विश्वासघात किंवा विजय मानणं सोडलं पाहिजे. चर्च बदलून आलेल्या माणसाचा पुन्हा बुडवून बाप्तिस्मा करणं म्हणजे त्याच्या आईवडिलांनी त्याला देवाच्या हवाली केलं होतं ते निष्फळ ठरवणं. जॉर्डानुसनं ठाण्यात केलेला निवाडा आपण सातशे वर्षांनी पुन्हा करायचं कारण नाही. 1982 साली लिमा इथं वेगवेगळ्या परंपरांच्या धर्मपंडितांनी बाप्तिस्मा एकदाच होतो यावर एकमत नोंदवलं. ते वागळे इस्टेटच्या खोल्यांपर्यंत पोहोचायला हवं. आणि जुन्या चर्चांनी सोडून गेलेल्याला वहीतून खोडण्याआधी त्याच्या घरी जाऊन विचारावं, की तुला इथं काय करायला मिळालं नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पूर्वी गाव सोडणाऱ्या सभासदाला दुसऱ्या मंडळीसाठी दाखला देत. तोच रिवाज पंथांच्या सीमा ओलांडून चालू करता येईल. 1321 साली ठाण्यातल्या ज्या सुरियानी कुटुंबानं परक्या परंपरेच्या पाहुण्यांना घरात घेतलं, त्याला त्यांचा बिशप कोण हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पाहुण्यांनी त्या यजमानांच्या श्रद्धेबद्दल काहीही लिहिलं असो, दार त्यांनी उघडलं होतं. या पट्ट्यातल्या ख्रिस्ती इतिहासाचा वारसा सांगायचा झाला, तर तो त्या घरापासून सांगावा.